सर्व्हर रूममध्ये पाणी शिरले, तर आधी कोणाला कळणार?

26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रुझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. बीड जिल्ह्याची वर्षाची सरासरी सातशे मिलिमीटरच्याही आत आहे. बीडला अख्ख्या वर्षात मिळते त्याहून जास्त पाणी मुंबईच्या एका उपनगराने एका दिवसात पाहिले. 2013 च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा 2015 च्या जुलैत परळीचे औष्णिक वीज केंद्र बंद ठेवावे लागले, तेही पाण्यावाचून. अशा जिल्ह्यात कोणी म्हणाले की संगणकाच्या खोलीत पाणी शिरेल, आधीच सेन्सर बसवून घ्या, तर हिशेबाच्या टेबलामागचा माणूस त्याच्याकडे कसा पाहील हे सांगायला नको.

पण गळतीचा पावसाशी संबंध आपण समजतो त्याहून बराच कमी असतो. तिचा खरा संबंध साठवणुकीशी आहे. बीड शहराला माजलगाव आणि बिंदुसरा या धरणांतून पाणी येते आणि ते रोज येत नाही, काही दिवसांआड सुटते. त्यामुळे इथल्या प्रत्येक मोठ्या इमारतीच्या पोटात एक हौद असतो, गच्चीवर हजार-हजार लिटरच्या काळ्या टाक्यांची रांग असते, शिवाय बोअरची एक लाइन आणि टँकर रिकामा करायला आणखी एक. चोवीस तास नळ असलेल्या गावातली इमारत एवढे पाणी डोक्यावर घेऊन उभी राहत नाही. टंचाईच्या गावातली राहते. नळ कोरडा म्हणून तोटी उघडीच राहते, पाणी रात्री केव्हातरी सुटते आणि टाकीचा बॉल कॉक अडकलेला असला तर गच्ची सकाळपर्यंत वाहत राहते. मधले काही दिवस पाइप रिकामा असतो. मग त्यात हवा आणि पाणी एकदम जोरात घुसते आणि जुने सांधे नेमके त्याच वेळी सुटतात.

बीडमध्ये नवी मुंबईसारखी अवाढव्य डेटा सेंटरे नाहीत. ऐरोली, रबाळे, महापे आणि 2020 मध्ये सुरू झालेले पनवेलचे योट्टाचे केंद्र हा सगळा पट्टा वेगळ्याच मापाचा आहे. इथे आहेत त्या सर्व्हर रूम: सरकारी कार्यालयात, पतसंस्थेत, साखर कारखान्याच्या ऑफिसात, अंबाजोगाईसारख्या ठिकाणच्या मोठ्या रुग्णालयात, महाविद्यालयात. एक-दोन रॅक, कोपऱ्यात यूपीएस, त्याच्या बॅटऱ्या, भिंतीवर दोन स्प्लिट एसी. गळती ओळखणाऱ्या यंत्रणेबद्दल जे लिहिले जाते ते बहुतेक पहिल्या प्रकारच्या इमारतींसाठी असते. दुसऱ्या प्रकाराला त्यातले काय घ्यायचे आणि काय सोडायचे, हे कोणी सांगत नाही.

मोठ्यांचीही फजिती होते, आणि ती कशी झाली हे पाहण्यासारखे आहे. 25 एप्रिल 2023 च्या सुमारास पॅरिसजवळच्या क्लिशी इथल्या एका डेटा सेंटरमध्ये शीतकरणाच्या पाण्याची गळती झाली. गूगलची क्लाउड सेवा त्या इमारतीतून चालत होती, पण गळती सुरू झाली ती इमारतीच्या गूगलकडे नसलेल्या भागात. तिथून पाणी यूपीएसच्या खोलीत पोचले, तिथे आग लागली, अग्निशमन दल आले आणि संपूर्ण इमारतीचा वीजपुरवठा काही तास तोडावा लागला. पाणी शेजाऱ्याचे, नुकसान आपले. बीडच्या दुमजली इमारतीत हा शेजारी म्हणजे बहुतेक वेळा वरच्या मजल्यावरचे स्वच्छतागृह.

म्हणून यंत्रणा निवडायची सुरुवात कॅटलॉगपासून करू नये, खोलीपासून करावी. बीडची खजाना विहीर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली, निजामशाहीच्या काळात सलाबतखानाने बांधवून घेतलेली. तिला पाणी आणणारे दोन भुयारी मार्ग आहेत आणि पाणी नेणारा तिसरा. बांधणाऱ्यांनी पाण्याच्या येण्याचा विचार केला तेवढाच जाण्याचाही केला. सर्व्हर रूमसाठी हाच कागद आधी तयार करायचा: पाणी कुठून येऊ शकते आणि आले तर कुठे जाऊन थांबेल. वर काय आहे? भिंतीतून कोणती लाइन गेली आहे? एसीचा ड्रेन पाइप कुठे उतरतो? खिडकीच्या बाजूला पावसाची झड लागते का? डेटा सेंटरसाठीच्या टीआयए-942 या मानकातही म्हटले आहे की ज्या पाइपांचा त्या खोलीशी संबंध नाही ते खोलीतून नेऊच नयेत. आपल्याकडे खोली मिळते तीच मुळात कोणी न घेतलेली, स्वच्छतागृहाखालची किंवा जिन्याखालची. पाइप हलवायला प्लंबर आणि दोन दिवस लागतात, आणि हे दोन दिवस कुठल्याही सेन्सरपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

पाणी कुठे थांबेल हे कागदावर कळत नाही. आपल्या फरश्या सपाट नसतात. कारागिराने दाराकडे किंवा मोरीकडे उतार काढलेला असतो, कधी काढायचा विसरलेला असतो. रॅक येण्याआधी खोलीत बादलीभर पाणी ओतून ते कुठे धावते ते पाहावे आणि तिथे खडूने खूण करावी. रॅक आधीच उभे असतील तर हे करता येणार नाही; मग लेव्हल पट्टीवर काम भागवावे.

आता थोडे गणित. सहा मीटर लांब, पाच मीटर रुंद खोली म्हणजे तीस चौरस मीटर. एवढ्या सपाट फरशीवर तीस लिटर पाणी पसरले तर त्याची उंची होते एक मिलिमीटर. गच्चीवरची हजार लिटरची टाकी पूर्ण या खोलीत उतरली तर 33 मिलिमीटर, म्हणजे जमिनीवर ठेवलेला एक्स्टेन्शन बोर्ड बुडेल एवढे. टाकी फुटल्याचा आवाज तरी होतो. हळू चालणारा धोका दुसरा आहे. दीड टनाचा एसी पावसाळ्यातल्या दमट हवेतून तासाला एक-दोन लिटर पाणी सहज काढतो. ते ड्रेन पाइपने बाहेर जाते. पाइपात शेवाळ किंवा कोळ्याचे जाळे अडकले की ते आतल्या ट्रेमधून भिंतीवर ओघळते. राज्य सरकारी कार्यालयांना 29 फेब्रुवारी 2020 पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. शुक्रवारी संध्याकाळी सव्वासहाला कुलूप लागते आणि सोमवारी पावणेदहाला उघडते. मधले साडेत्रेसष्ट तास. तासाला एकच लिटर धरा. साठ लिटरच्या वर पाणी, दोन मिलिमीटर, आणि ते पाहायला कोणी नाही. खोलगट कोपऱ्यात ते दोन मिलिमीटर राहत नाही, दोन-तीन सेंटिमीटर होते. यूपीएस नेहमी कोपऱ्यातच ठेवलेला असतो.

पाणी ओळखण्याची युक्ती फार साधी आहे. दोन धातूंच्या टोकांमध्ये थोडे अंतर ठेवायचे. कोरडे असताना त्यांच्यातून वीज जात नाही, ओले झाले की जाते, आणि पॅनेलला तेवढे पुरते. हा झाला ठिपका सेन्सर, म्हणजे एका जागेवर बसवायचा. तो फरशीपासून एखाद-दोन मिलिमीटर वर असतो. स्वस्त असतो, बसवायला सोपा, आणि त्याचा दोष एकच: पाणी त्याच्यापर्यंत आले तरच तो बोलतो. खोलीच्या मध्यभागी ठेवलेला ठिपका सेन्सर उताराच्या दुसऱ्या टोकाला तळे झाले तरी गप्प बसेल. खडूच्या खुणेवर ठेवला तर तोच सेन्सर अतिशय कामाचा.

दुसरा प्रकार केबलचा. जाडीने दोरीएवढी, फरशीवर खोलीभर फिरवता येणारी. तिच्यात साधारणपणे चार तारा असतात. त्यातल्या दोन ओल ओळखतात. त्यांच्यावर वीज वाहू देणाऱ्या प्लॅस्टिकचे आवरण असते, म्हणजे धातू गंजत नाही. उरलेल्या परतीच्या. केबलच्या लांबीत कुठेही पाणी लागले की दोन तारा तिथे जोडल्या जातात. तारेचा दर मीटरला विरोध किती हे ठरलेले असल्यामुळे पॅनेल गणित करून सांगते की ओल सुरुवातीपासून अमुक मीटरवर आहे. कोणी पाय देऊन केबल तोडली तरी तेही कळते. ट्रेसटेक, टीटीके, आरएलई ही या क्षेत्रातली मुरलेली नावे.

अंतर सांगणारी केबल आणि नुसती 'ओल आहे' एवढेच सांगणारी केबल यांच्या किमतीत बराच फरक पडतो, आणि विक्रेता पहिलीच पुढे करतो. माझ्या मते तीस चौरस मीटरच्या खोलीत अंतर कळून काही मिळत नाही. दार उघडले की ओल कुठे आहे ते डोळ्यांना दिसते. अंतर सांगणारी केबल घ्यायची ती जिथे फॉल्स फ्लोअर आहे आणि फरश्या उचलल्याशिवाय खाली दिसत नाही, किंवा जिथे पाइप शेकडो मीटर धावतो. तिथेही एक गोष्ट विचारून घ्यावी. एकाच केबलवर दोन ठिकाणी एकाच वेळी ओल आली तर जुन्या पद्धतीचे पॅनेल गोंधळते आणि मधलाच कुठला तरी मीटर दाखवते. केबलचे तुकडे पाडून प्रत्येकाला आपापला पत्ता देणाऱ्या यंत्रणेत हा घोळ होत नाही.

बाजारात शंभर-दोनशे रुपयांना मिळणारी छोटी पट्टी असते, विद्यार्थी प्रकल्पात वापरतात ती. तिच्यावर ओळीने तांब्याच्या उघड्या रेघा असतात. ती घेऊन कोणी हुशार तंत्रज्ञ आठवडाभरात यंत्रणा उभी करतो आणि पहिले सहा महिने ती उत्तम चालते. पण सतत एकाच दिशेने वीज वाहत राहिली की ओलीत तांबे झिजत जाते, आणि पट्टी मेली हे कोणालाच कळत नाही. ज्या सेन्सरला स्वतः बिघडल्याचे सांगता येत नाही तो नसलेलाच बरा. नसला तर निदान माणूस अधूनमधून डोकावून तरी पाहतो.

याच्या उलट दोष खोट्या इशाऱ्यांचा. मराठवाड्याची धूळ बारीक आणि क्षारयुक्त. ती केबलवर बसते, जुलैत हवा दमट झाली की ओलावा धरते आणि थेंबभर पाणी नसताना इशारा वाजतो. सफाई करणाऱ्या मावशींचा ओला मॉप तर हमखास. दोन-तीनदा असे झाले की कोणीतरी पॅनेलचा आवाज बंद करतो आणि तो बंदच राहतो. म्हणून संवेदनशीलता कमी-जास्त करता येते का, ओल काही सेकंद टिकली तरच इशारा द्यायचा अशी सोय आहे का, केबल पुसून परत वापरता येते का, हे तीन प्रश्न किंमत विचारायच्या आधी विचारावेत. आणि खोलीत ओला मॉप नको, कोरडा झाडू किंवा व्हॅक्यूम, एवढे दारावर मराठीत लिहून लावावे.

संवेदनशीलता फार कमी करून मात्र चालत नाही, त्याचे कारण गमतीचे आहे. शुद्ध पाणी वीज नीट वाहूच देत नाही. वीज वाहते ती त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. बीडच्या बोअरचे जड पाणी सेन्सरला लगेच ओळखू येते. एसीतून टपकणारे पाणी हवेतल्या वाफेचे, जवळजवळ डिस्टिल्डच. ते फरशीवरच्या धुळीत मिसळले की ओळखू येते, पण थेट ट्रेमधल्या सेन्सरवर पडले तर कमी संवेदनशील सेन्सर त्याला पाणी मानायला तयार होत नाही. एसीच्या ट्रेसाठी म्हणून मला तरंगता स्विच अधिक पसंत आहे. पाणी चढले की तो वर उचलला जातो, क्षारांशी त्याचा संबंधच नाही. काही जण त्याच स्विचने एसी बंद करतात. मे महिन्यात बाहेर 42 अंश असताना सर्व्हर रूममधला एकुलता एसी आपोआप बंद होणे म्हणजे पाण्यातून वाचवून आगीत लोटणे. दोन एसी आलटून पालटून चालत असतील तरच ही जोडणी करावी, नाहीतर स्विचने फक्त हाक मारावी.

एसीबद्दल बोलतो आहोत तर आणखी एक. अमेरिकेतील अॅशरे ही संस्था संगणकांसाठी 18 ते 27 अंश सेल्सिअस तापमानाची शिफारस करते. तरी आपल्याकडे सर्व्हर रूम म्हणजे सोळावर ठेवलेला रिमोट. उन्हाळ्यात बीडची हवा इतकी कोरडी की त्याने फारसे बिघडत नाही. पावसाळ्यात हवेचा दवबिंदू विशीच्या वर जातो. मग गॅसच्या थंड पाइपावरचे काळे आवरण जिथे फाटले आहे तिथे थेंब जमतात आणि खाली पडू लागतात. पाइप फुटलेला नसतो, तरी फरशी ओली. रिमोट चोविसावर आणणे आणि आवरण बदलणे या दोन गोष्टींनी अर्धी 'गळती' थांबते आणि वीजबिलही उतरते.

छतातून येणाऱ्या पाण्याला मात्र फरशीवरची कुठलीच केबल वेळेवर पकडत नाही. ते आधी रॅकच्या डोक्यावर पडते, मग आतून झिरपत खाली येते आणि केबलला कळेपर्यंत सर्व्हरचे काम आटोपलेले असते. वर स्वच्छतागृह असेल आणि खोली बदलता येत नसेल, तर फॉल्स सीलिंगच्या वर पाइपाखाली पत्र्याचा पन्हाळ काढून त्याला एका बाजूला उतार द्यायचा, त्याचे तोंड खोलीबाहेर काढायचे आणि सेन्सर त्या पन्हाळात ठेवायचा. पत्रे ठोकणारा स्थानिक कारागीर हे काम एका दिवसात करतो. कॅटलॉगमध्ये ते सापडत नाही, कारण त्यात विकायला काही नाही.

नवी मुंबईच्या पट्ट्यात प्रश्न वेगळ्या दिशेने चालला आहे. 2024 च्या मार्चमध्ये एनव्हिडियाने जाहीर केलेला जीबी200 एनव्हीएल72 हा रॅक एकटाच सुमारे 120 किलोवॉट वीज खातो. एवढी उष्णता वाऱ्याने निघत नाही, म्हणून द्रव थेट चिपला चिकटलेल्या पट्ट्यांतून फिरवावा लागतो, बहुधा पाण्यात पाव हिस्सा प्रॉपिलीन ग्लायकोल मिसळून. पाणी खोलीबाहेर ठेवायचे हा जुना नियमच तिथे मोडला. सेन्सर आता रॅकच्या आत, नळ्यांच्या सांध्यांखाली बसतात, आणि द्रव किती गेला व किती परत आला याची सतत तुलना होते. फरक पडला की गळती आहे असे धरायचे. तशी मोठी माणसेही पाण्याला नवखी नाहीत: आयबीएमचे मोठे संगणक 1960 च्या दशकातही पाण्याने थंड होत होते. बीडच्या पतसंस्थेला यातले काही लागत नाही, आणि निविदेत हे शब्द घुसले असतील तर ते दुसऱ्या कुठल्या निविदेतून उचललेले आहेत असे खुशाल समजावे.

बीडमध्ये खरा प्रश्न इशारा पोचण्याचा आहे. पॅनेल भिंतीवर वाजते, भिंत कुलूपबंद खोलीत असते, खोली रात्री रिकाम्या इमारतीत असते. ई-मेल सोमवारी वाचली जाते. मोबाइलचे अॅप इमारतीच्या इंटरनेटवर चालते, आणि गळतीने आधी बंद पडतो तो इंटरनेटचाच डबा. म्हणून पॅनेलमध्ये स्वतःचे सिमकार्ड हवे आणि त्याने संदेशावर न थांबता प्रत्यक्ष फोन लावायला हवा: आधी वॉचमनला, त्याने उचलला नाही तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. सिमचा रिचार्ज कोण करणार हे करारात लिहावे. नाहीतर वर्षभराने सिम बंद पडते आणि यंत्रणा भिंतीची शोभा बनते. पॅनेलला बॅटरी असावी, कारण लोडशेडिंग आणि वादळ यांची पाण्याशी जुनी मैत्री आहे. वॉचमनकडे किल्ली हवी आणि टाकीचा व्हॉल्व्ह कुठे आहे हे त्याला ठाऊक हवे. व्हॉल्व्हवर रंग लावून ठेवला तर आणखी बरे.

व्हॉल्व्ह आपोआप बंद करणारी सोयही मिळते. गच्चीवरून उतरणाऱ्या लाइनवर विजेवर चालणारा व्हॉल्व्ह बसवला की सेन्सर बोलल्याबरोबर पाणी तुटते, वॉचमन झोपलेला असला तरी. मला ही रक्कम अंतर सांगणाऱ्या केबलपेक्षा जास्त सार्थकी लागलेली वाटते. एकच अट: आग विझवण्याची लाइन त्यात कधीही येता कामा नये.

निविदेत सगळ्यात कमी दराला काम जाणार हे धरूनच अटी लिहाव्या लागतात. केबल किती मीटर, सेन्सर किती नग, एवढे लिहिले की ठेकेदार तेवढे मीटर कुठेही गुंडाळून जातो. त्याऐवजी काय घडले पाहिजे ते लिहावे: एसीखाली, खिडकीखाली आणि खुणेच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतल्यावर अर्ध्या मिनिटात पॅनेलने दाखवावे आणि दोन मिनिटांत फोन वाजावा, सिम काढल्यावर, वीज तोडल्यावर आणि केबल कापल्यावर बिघाड म्हणून नोंद व्हावी. चाचणीला नळाचे किंवा बोअरचे पाणी घ्यावे. बॅटरीत घालायचे डिस्टिल्ड पाणी ओतून यंत्रणा बोलत नाही म्हणून वाद घालण्यात अर्थ नाही, आणि मिठाचे पाणी ओतले तर केबलवर क्षार राहून पुढे खोटे इशारे येत राहतात. वार्षिक देखभाल करारात हीच चाचणी दोनदा घालावी, एकदा मेअखेरीस आणि एकदा दिवाळीच्या सुट्ट्यांआधी.

शेवटचा हप्ता मात्र एका चाचणीसाठी अडवून ठेवावा, आणि ती ठेकेदाराला न सांगता घ्यावी. शनिवारी रात्री दोन वाजता, पाणी सुटण्याच्या दिवशी, कोणीतरी जाऊन कोपऱ्यात पेलाभर पाणी ओतावे आणि वॉचमनचा फोन वाजतो का ते पाहावे. वाजला, त्याने उचलला आणि तो किल्ली घेऊन आला, तर सोमवारी बिल काढायला हरकत नाही.